तीस परिषदा आणि पूर्णेचे खारे पाणी

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली भरणाऱ्या हवामान परिषदांची तिसावी बैठक नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम या शहरी पार पडली. पहिली बैठक १९९५ साली बर्लिन येथे भरली होती. या दोन बैठकांच्या दरम्यान एका पिढीचा काळ लोटला. या काळात करार झाले, करारांना पुरवण्या जोडल्या गेल्या, निधी स्थापन झाले, समित्या व उपसमित्या नेमल्या गेल्या. आणि जवळपास प्रत्येक परिषदेच्या अखेरीस ‘ऐतिहासिक’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला गेला. इतक्या वेळा इतिहास घडल्यानंतर त्याचा जमाखर्च मांडणे क्रमप्राप्त ठरते. ज्या प्रदेशाचे जीवन पाऊस आणि ऊन यांच्या तागडीत तोलले गेले आहे, त्या वऱ्हाडाला तर हा हिशेब मागण्याचा विशेष अधिकार आहे.

हिशेबाचे मुख्य आकडे थोडे आणि स्पष्ट आहेत. १९९२ साली रिओ द जानेरो येथील वसुंधरा परिषदेत हवामानविषयक मूळ आराखडा-करार मान्य झाला, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ३५६ भाग होते. २०२४ साली ते ४२४ च्या घरात गेले. कोळसा, तेल व वायू यांच्या ज्वलनातून १९९० साली जगात २,२०० कोटी टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असे. २०२४ साली हा आकडा ३,७०० कोटी टनांच्या पुढे गेला. पृथ्वीची तापमानवाढ औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीच्या वर दीड अंशाच्या आत रोखण्याचे प्रयत्न करू, असे २०१५ साली पॅरिस येथे जगाने ठरविले. पुरती नऊ वर्षे उलटली नाहीत तोच २०२४ हे वर्ष त्या दीड अंशाच्या पलीकडे जाऊन पोहोचले. एका वर्षाने मर्यादा ओलांडली म्हणजे ती कायमची ओलांडली असे शास्त्रज्ञ मानीत नाहीत, हे खरे. परंतु रोग्याचा ताप चढत असताना वैद्यांच्या सभांची संख्याही चढत राहावी, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. करारांविषयी शंका घेणे म्हणजे तापमानवाढीच्या शास्त्राविषयी शंका घेणे नव्हे. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले. कामगारांसाठी पाणी व सावलीची व्यवस्था करण्याचे बंधन आस्थापनांवर घालण्यात आले आणि खासगी शिकवणी वर्गांना भर दुपारी मनाई करण्यात आली. जमाव पांगविण्यासाठी वापरले जाणारे कलम उन्हासाठी वापरण्याची पाळी यावी, एवढ्यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीचे पाणी अकोला शहरातील वस्त्यांत शिरले. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भातील रब्बीची पिके व फळबागा झोडपून काढल्या. मोर्शी-वरुड भागातील संत्रा बागायतदार आंबिया बहाराच्या फळगळीची चिंता आता नेमेचि करू लागला आहे. यांतील प्रत्येक घटनेचे खापर एकट्या तापमानवाढीवर फोडता येणार नाही. वऱ्हाडचा उन्हाळा पूर्वीही कडकच होता. तथापि पूर्वी अपवादाने येणारे संकट वारंवार येऊ लागले, की शेतीचे सारे गणित बदलते, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न आहे तो औषधाचा. जागतिक पातळीवर जे औषध योजिले आहे, त्यात गुण येण्याची शक्ती आहे काय?

करारांचा इतिहास या बाबतीत फारसा दिलासा देत नाही. १९९७ च्या क्योटो करारान्वये श्रीमंत देशांनी आपले उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी खाली आणण्याचे बंधन स्वीकारले. पण हा करार होण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, विकसनशील देशांवर बंधन नसलेला कोणताही करार स्वीकारू नये असा ठराव अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता. २००१ मध्ये अमेरिकेने क्योटोकडे उघडपणे पाठ फिरविली. कॅनडाने करारास मान्यता दिली, उद्दिष्ट गाठले नाही, आणि उद्दिष्टाचा कालावधी संपत आला असता डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली. या वचनभंगाबद्दल त्याला दमडीचाही दंड झाला नाही.

क्योटोत बंधन होते म्हणून तो करार मोडला, असा बोध मुत्सद्द्यांनी घेतला आणि पॅरिस करारातून बंधनच काढून टाकले. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवावे, दर पाच वर्षांनी ते वाढवावे आणि ते पार न पडल्यास कोणी जाब विचारू नये, अशी ही योजना आहे. अनुपालनावर देखरेख करणाऱ्या समितीचे कामकाज शिक्षात्मक असणार नाही, असे या करारात लिहूनच ठेवले आहे. मसुद्याच्या अखेरच्या घटकेला श्रीमंत देश उत्सर्जन-कपातीची उद्दिष्टे स्वीकारतील या अर्थाचे बंधनकारक क्रियापद अमेरिकेच्या आग्रहावरून बदलण्यात आले आणि ‘करतील’च्या जागी ‘करावे’ आले. एवढे करूनही अमेरिका २०२० मध्ये करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा करती झाली. जगातील सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेची बांधिलकी तेथील अध्यक्षीय निवडणुकीबरोबर फिरत असेल, तर अशा करारावर तीस-चाळीस वर्षांची योजना कोणी आखावी?

या अपयशाचे मूळ केवळ नेत्यांच्या दुष्टपणात शोधणे भाबडेपणाचे होईल. गावतळ्यातील गाळ लोकवर्गणीतून काढावयाचा ठरला, असे समजावे. तळे खोल झाले म्हणजे आजूबाजूच्या सर्वच विहिरींना पाणी येणार. वर्गणी देणाऱ्याच्या विहिरीला येईल आणि न देणाऱ्याच्याही येईल. अशा वेळी ‘शेजारी देईल, आपण थांबू’ असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक असते. त्यातही ज्याच्या शेतात खोल कूपनलिका आहे, त्याला तळ्याची निकड सर्वांत कमी आणि वर्गणी देण्याची ऐपत सर्वांत जास्त. जगाच्या हवेचे नेमके हेच झाले आहे. खर्च करणाऱ्याला तो आज आणि आपल्या मतदारांकडून वसूल करावा लागतो. लाभ मात्र उद्याचा, आणि तो जगभर वाटला जाणारा. गावात अशी अडचण पंचांच्या अधिकाराने सुटते. राष्ट्रांच्या गावात पंच नाहीत.

मग आंतरराष्ट्रीय करार यशस्वी होतच नाहीत, असे म्हणावे काय? तसेही नाही. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १९८७ साली झालेला मॉन्ट्रियल करार यशस्वी झाला. त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. घातक वायू बनविणारे कारखानदार थोडे होते, पर्यायी रसायने दृष्टिपथात होती, गरीब देशांना त्यांकडे वळण्यासाठी १९९० पासून स्वतंत्र निधी मिळाला, आणि मुख्य म्हणजे करारात सामील न होणाऱ्या देशाशी त्या वस्तूंचा व्यापार करण्यास मनाई होती. बाहेर राहणे महाग होते, म्हणून सर्व आत आले.

दुसरे उदाहरण वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला अधिक जवळचे वाटेल. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २००९ मध्ये त्याला अमेरिकी मालावर प्रतिशुल्क लावण्याचा अधिकार मिळाला. तेव्हा अमेरिकेने ब्राझीलला वर्षाकाठी १४ कोटी ७३ लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. अनुदाने पूर्णपणे थांबली नाहीत, वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या पदरीही त्यातून काही पडले नाही. तरीपण बलाढ्य देशाला नियमभंगाची किंमत रोख मोजावी लागली. पुढे त्याच संघटनेच्या अपील मंडळावरील नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ निकामी झाले, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. तात्पर्य, ज्या करारास दात असतात तोच पाळला जातो, आणि बलवानाचे पहिले लक्ष असते ते दात पाडण्याकडे. हवामान करारांना तर ते कधी फुटलेच नाहीत.

दंडाची सोय नसली तरी मदतीची आहे, असे या करारांच्या समर्थनार्थ सांगितले जाते. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी २०२० पासून दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दिले. या देशांच्याच आर्थिक सहकार्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते वचन प्रथम पुरे झाले २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिरा. परंतु उशिरापेक्षा महत्त्वाचा आहे तो या रकमेचा प्रकार. सरकारी मार्गाने आलेल्या या निधीतील सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलरचे नवे वचन देण्यात आले. विकसनशील देशांची मागणी याच्या चौपटीहून अधिक होती. अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव संमत झाल्याचे जाहीर केल्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी, हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे, असे भर सभागृहात सुनावले. ठराव मात्र कायम राहिला.

हा पैसा वऱ्हाडात कोणत्या रूपाने पोहोचतो, हे पाहिले म्हणजे आकड्यांमागील अर्थ उलगडतो. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे; पिण्यास अयोग्य आणि ओलितासही घातक. विहीर खोदून दुष्काळावर मात करण्याचा जो उपाय इतरत्र चालतो, तो येथे चालत नाही. साहजिकच पावसाने ओढ दिली की कपाशी, तूर, सोयाबीन यांना वाचविण्यास शेततळ्यात साठविलेल्या गोड्या पाण्यावाचून दुसरा आधार नसतो. हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ पाहावयाचा असेल तर तो या पट्ट्यात पाहावा.

या कामासाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावांचा त्यात समावेश झाला. त्यांपैकी सुमारे नऊशे गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील होती. शेततळी, ठिबक व तुषार संच, फळबाग लागवड यांसाठीचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होऊ लागले. प्रकल्पाचा हेतू उत्तम होता आणि त्याची उपयुक्तताही नाकारता येणार नाही. परंतु त्याच्या खर्चाचा मोठा भाग, ४२ कोटी डॉलर, जागतिक बँकेने दिला तो कर्ज म्हणून. तो व्याजासह फेडावयाचा आहे, आणि फेडणार आहे तो येथील करदाता. अशी कर्जेही, बँकेतील श्रीमंत देशांच्या भागभांडवलाच्या प्रमाणात, त्या शंभर अब्जांच्या बेरजेत धरली जातात. ज्याच्या धुराने घर काळवंडले त्यानेच रंगासाठी कर्ज द्यावे, आणि ते आपल्या दानधर्माच्या वहीत लिहून ठेवावे, असा हा व्यवहार आहे.

धुराचा हा उल्लेख केवळ आलंकारिक नव्हे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटताच लँकशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ आलेल्या आगगाडीने येथील गाठी मुंबई बंदराकडे आणि तेथून कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांकडे नेल्या. भाव पुढे कोसळला; पण ज्वारीचे क्षेत्र कपाशीकडे वळलेले राहिले, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत शेतकऱ्याने व मजुराने मोजली. त्या काळी धुरांड्यांतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही अंश आजही वातावरणात आहे, कारण हा वायू शतकानुशतके टिकतो. आजही सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन, तर अमेरिकी माणूस सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. ऐतिहासिक जबाबदारीचा भारताचा मुद्दा म्हणूनच न्याय्य आहे.

तथापि न्याय्य मुद्द्याची ढाल करून आपल्याकडील कर्तव्यच्युती झाकता येणार नाही. शब्दांच्या कसरतीत भारतही मागे नाही. २०२१ साली ग्लासगो येथे कोळशाचा वापर ‘संपविणे’ याऐवजी ‘कमी करणे’ हा शब्दप्रयोग भारताच्याच आग्रहाने आला. नवी उद्दिष्टे सादर करण्याची १० फेब्रुवारी २०२५ ही मुदत बहुसंख्य देशांनी चुकविली; त्यांत भारत होता. एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू इत्यादींवाचूनची करण्याचे उद्दिष्ट भारताने मुदतीपूर्वी पाच वर्षे, २०२५ मध्येच गाठले, हे कौतुकास्पद आहे. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सात दशांश वीज कोळशाचीच राहिली. वऱ्हाडातही पारस येथे ५०० मेगावॅटचे आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. नांदगाव पेठच्या केंद्राला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यास अमरावतीकरांनी प्रखर विरोध केला. सिंचनाचा अनुशेष असलेल्या प्रदेशात ओलिताचे पाणी कोळशाच्या विजेसाठी वळविण्याचा निर्णय कोणत्याही परदेशी राष्ट्राने लादला नव्हता.

हीच गोष्ट नुकसानभरपाईची. तापमानवाढीमुळे झालेल्या हानीची भरपाई गरीब देशांना मिळावी, अशी मागणी भारताने वर्षानुवर्षे लावून धरली. २०२३ साली दुबई येथे त्यासाठीचा निधी सुरू झाला आणि साऱ्या जगासाठी प्रारंभी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. ही रक्कम तुटपुंजी आहे, अशी टीका योग्यच होती. परंतु २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची जी नवी पद्धत आली, तीत स्थानिक आपत्ती, हंगामाच्या मध्यावरील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान या बाबींचे संरक्षण वगळण्यात आले आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगातील सरासरी उत्पन्नावर आणून ठेवण्यात आली. एक रुपयात विमा देण्याच्या आधीच्या योजनेत बोगस अर्ज शिरले होते, हे शासनाचे म्हणणे खोटे नव्हते. पण गारपीट चार गावांत होते आणि सरासरी साऱ्या मंडळाची निघते. चोरांना शासन करण्याऐवजी घराचे दारच बंद करण्याचा हा प्रकार झाला. हानीची भरपाई बाकूत आणि दुबईत मागावयाची आणि दर्यापुरात व बाळापुरात ती आटवावयाची, या दोन भूमिकांचा मेळ कसा घालावयाचा?

करारांच्या बाजूने एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. पॅरिसपूर्वी या शतकाअखेरची तापमानवाढ चार अंशांच्या आसपास जाईल अशी भीती होती. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे चालू धोरणांनुसार ती २.८ अंशांपर्यंत जाईल. म्हणजे करारांनी काहीच साधले नाही, असे नव्हे. हा युक्तिवाद अंशतः मान्य करावा लागेल. परंतु या सुधारणेचा मोठा वाटा सौर व पवन विजेच्या कोसळलेल्या किमतींना जातो, आणि त्या किमती उतरल्या त्या जर्मनी, चीन यांसारख्या देशांनी आपापल्या स्वार्थासाठी राबविलेल्या औद्योगिक धोरणांमुळे. परिषदांनी त्या दिशेला वैधता दिली. वेग दिला तो स्वार्थाने. शिवाय २.८ अंश हा आकडा वातानुकूलित सभागृहात सुधारणेचा वाटला, तरी मे महिन्यात अकोल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुराला तो सुधारणेचा वाटण्याचे कारण नाही.

यास्तव संशय हा निष्क्रियतेचा बहाणा न होता हिशेब मागण्याचे साधन झाला पाहिजे. दिल्लीने परदेशांत मागावे ते कर्ज नव्हे, अनुदान; आणि अनुकूलनासाठी आलेल्या प्रत्येक रकमेपैकी कर्ज किती व अनुदान किती, हे देशातही जाहीर करावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत उष्णतेची लाट नव्हती. वादळ व भूकंपाप्रमाणे तिलाही तेथे हक्काचे स्थान मिळणे आवश्यक आहे, कारण वऱ्हाडात समुद्र नाही, ऊन आहे. मुंबईने पीकविम्यातील स्थानिक आपत्तीचे संरक्षण, गैरप्रकारांना आळा घालून, पुन्हा द्यावे. खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याच्या साठवणीसाठी कर्जाच्या प्रकल्पाची वाट न पाहता अर्थसंकल्पात दरवर्षी निश्चित तरतूद असावी. आणि शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्यांचे काम वेगाने पुरे करावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी एकशे नव्वदहून अधिक देशांच्या एकमताची गरज नाही.

बेलेमच्या परिषदेने अनुकूलनाचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन केले. कोळसा-तेलाचा वापर थांबविण्याचा कार्यक्रम मात्र अंतिम मसुद्यातून गळाला, आणि अमेरिकेने आपले अधिकृत शिष्टमंडळच पाठविले नाही. एकतिसावी परिषद भरेल, बत्तिसावीही भरेल, आणि त्यांनाही ऐतिहासिक म्हटले जाईल. पूर्णाकाठच्या शेतकऱ्याला त्या इतिहासाशी कर्तव्य नाही. त्याच्या शेततळ्यात गोडे पाणी साठले काय, ते कोणाच्या पैशाने साठले आणि गारपिटीनंतर त्याच्या खात्यात काय जमा झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे जोवर मिळत नाहीत, तोवर कराराखालील सह्या कितीही झाल्या तरी वऱ्हाडाच्या दृष्टीने तो कागद कोराच राहील.